घरच्या घरी ग्लायडर?

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या बालाघाटाच्या डोंगरांवर घारी पंख न हलवता घिरट्या घालतात. एका माणसापुरते बिनइंजिनाचे ग्लायडर घरी बांधता येते का? त्याची रचना कशी असते?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : बांधता येते. अमेरिकेतील जिम मॉपिन यांनी ‘वुडस्टॉक’ हे एकासनी ग्लायडर हौशी लोकांना घरी बांधता यावे म्हणूनच आखले. ते लाकडाचे असून पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी सुमारे १२ मीटर आहे. एक मीटर खाली येईपर्यंत ते सुमारे २४ मीटर पुढे जाते. म्हणजे धाराशिववर एक किलोमीटर उंचीवरून सोडले, तर वारा नसताना ते तुळजापूर गाठेल. घारीप्रमाणेच त्याला तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा सापडली, तर ते वरही चढेल.

सगळी मेख पंखात आहे. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर येते, भोवरे होतात आणि मागे खेचणारी ओढ वाढते. लांब, अरुंद पंखात हे नुकसान कमी होते. पण पंख जितका लांब, तितका तो मुळाशी जास्त वाकू पाहतो. हा भार पंखातली मुख्य तुळई पेलते. पंख पिळला जाऊ नये म्हणून तुळईपुढच्या भागावर प्लायवूड चढवून बंद पेटी करतात. मागच्या भागाला कापड पुरते. वैमानिक पुढे बसतो, त्यामुळे त्याच्या वजनावर सगळा तोल अवलंबून असतो. हलका माणूस बसणार असेल, तर पुढे वजन ठेवावे लागते.

आपल्याकडेही ग्लायडर बांधण्याची विद्या जुनी आहे. नागरी विमान खात्यातील एस. राममृतम यांनी आखलेले १५ मीटर पंखांचे एकासनी ‘कार्तिक’ १९६३ मध्ये उडाले. घरी बांधण्याचेही उदाहरण आहे: मुंबईत चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. ते मात्र इंजिनाचे.

तेव्हा स्वतःचा आराखडा करू नका, सिद्ध झालेला घ्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) नोंदणी आणि परवानगी मिळाल्याशिवाय उडू नका. आणि करवत हाती घेण्याआधी पुण्यातल्या हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात जाऊन ग्लायडर उडवायला शिका.