गाडीचे स्पीकर गप्प झाले तर : नवा सेट घेण्यापूर्वी

पुणे शहरात १५-२० वर्षांच्या जुन्या गाड्या आजही कमी नाहीत. मारुती ८०० ची पुण्यातील विक्री २०१० साली बंद झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनही थांबले, तरी पेठांमध्ये ती दिसतेच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून ५-५ वर्षे वाढवून मिळते, त्यामुळे लहान व्यापारी चालती गाडी सहसा काढून टाकत नाही. अशा गाडीचा टेप एके दिवशी मुका होतो. मालक दुकानात जातो, दुकानदार कान लावल्यासारखे करतो आणि सांगतो, "सेट गेला, स्पीकरही गेले, सगळे नवीन टाका."

आमच्या परिचयातील एका दुकानदाराच्या ओम्नीबाबत असेच झाले. चारही स्पीकर बंद, सेटचा दिवा मात्र लागत होता. नवा सेट आणि चार स्पीकर असा हिशेब त्याच्या हातात ठेवण्यात आला. दुसऱ्या कारीगराने पायाखालची मॅट उचलली, तेव्हा मागच्या स्पीकरकडे जाणारी एक वायर लोखंडी कडेखाली दबून सोललेली सापडली. सेट चांगला होता, चारही स्पीकर चांगले होते. एका वायरने चौघांचा आवाज कसा बंद केला, हे समजून घेतले तर बराच खर्च वाचतो.

पूर्वीच्या टेपमध्ये स्पीकरची एक वायर सेटकडून येई आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडी अर्थला जोडली तरी चालत असे. नंतरच्या जास्त आवाजाच्या सेटमध्ये ही रीत बदलली. त्यांत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी सेटमधूनच येतात आणि दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट दाब असतो. त्यांतली कोणतीही एक पत्र्याला टेकली की जादा करंट वाहू लागतो. सेटमधील आयसी जळू नये म्हणून स्वतःला बंद करून घेते, आणि चारही स्पीकर एकच आयसी चालवत असल्याने चौघेही गप्प होतात. म्हणजे एका दारातील वायर सोलली तरी मालकाला सेटच मेला असे वाटते. जुन्या गाडीत जुनेच वायरिंग ठेवून नवा सेट बसवला, मागचे स्पीकर पूर्वीप्रमाणे पत्र्याला जोडलेले राहिले, तर नेमके हेच घडते. आयसीचे संरक्षण नेहमीच तिला वाचवते असे नाही. कधी ती जळूनही जाते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्या टेपशिवायच शोरूममधून निघाल्या. टेप नंतर बाहेर बसवला, पुढे कोणी स्पीकर वाढवले, कोणी सेट बदलला. त्यामुळे गाडीतील वायरिंग कंपनीचे नसते, ज्याने बसवले त्याच्या सवयीचे असते. बाजारातील सेटमध्ये पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची असते. स्पीकरसाठी पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी, आणि काळी रेघ असलेली त्यांची जोडीदार उणे बाजूची. सेटच्या मागे हे रंग सहसा खरे ठरतात. पण जिथे ते गाडीच्या वायरीला जोडले आहेत, तिथून पुढे रंगावर विश्वास ठेवू नये. आम्ही एकाच स्पीकरला लाल आणि निळी वायर गेलेली पाहिली आहे.

शोधाची सुरुवात ओळखीच्या खुणांनी करावी. कापडात दोष लांबीने उभा चालत गेला असेल तर तो ताण्यात शोधतात, आडवा असेल तर बाण्यात. इथेही शांतता कोणत्या दिशेने पसरली आहे ते आधी पाहावे. रेडिओ वाजतो आणि कॅसेट वाजत नाही, तर स्पीकरला हात लावण्याचे कारणच नाही. हेड मळलेला असेल, तो स्पिरिटने पुसावा. फक्त मागचे किंवा फक्त एका बाजूचे बंद असतील तर आधी फेडर आणि बॅलन्स मध्यावर आहेत का ते बघावे. मुलांनी बटण फिरवलेले असते आणि वडील दुकानात पैसे मोजून येतात. एकच स्पीकर बंद असेल तर तो स्पीकर, त्याची वायर किंवा सेटची ती एक बाजू. सेटमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करावी. शांतता दुसऱ्या बाजूला गेली तर दोष सेटचा, आहे तिथेच राहिली तर वायरचा किंवा स्पीकरचा.

सेटचा दिवाच लागत नसेल तर फ्यूज पाहावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाकावा. तार गुंडाळून काम भागवणारे कारीगर आहेत. त्यांच्या हाती गाडी देऊ नये, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. डिकीत वेगळा अँप्लिफायर असेल तर त्याचा फ्यूज निराळा असतो, आणि सेटकडून त्याला चालू करणाऱ्या निळ्या वायरवर १२ व्होल्ट येतात का तेही तपासावे.

चारही गप्प आणि दिवा चालू, अशा वेळी बॅटरीची उणे तार काढून कामाला लागावे. कंपनीच्या काही सेटना बॅटरी काढल्यावर कोड मागण्याची सवय असते, तो आधी हाताशी ठेवावा. स्पीकरच्या सर्व वायरी सेटपासून सोडवाव्यात, त्यांची सुटी टोके झाकावीत, तार परत जोडावी आणि एक बाहेरचा चांगला स्पीकर थेट सेटला लावून पाहावे. वाजला तर सेट निर्दोष. मग सेट बंद करून एकेक स्पीकर जोडत, दर वेळी चालू करून ऐकावे. ज्याच्या जोडणीने सगळे गप्प होतात, त्याची वायर पकडावी. काही शे रुपयांच्या डिजिटल मीटरने हेच अधिक नेमके कळते. सेटपासून सुटलेल्या स्पीकरवर मीटर लावला की ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ दाखवतो. काहीच दाखवले नाही तर कॉइल किंवा वायर तुटली, शून्याजवळ दाखवले तर शॉर्ट. आणि स्पीकरची कोणतीही वायर व पत्रा यांच्यात मीटरने जोड दाखवता कामा नये. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. चांगला स्पीकर 'खट्' असा आवाज देतो.

वायर बहुधा दाराच्या बिजागरीजवळ, रबरी नळीत तुटते, कारण दार रोज उघडते-मिटते. आवाज चालू ठेवून दार सावकाश हलवावे. आवाज आला-गेला तर जागा सापडली. पावसाळ्यात काचेवरचे पाणी दाराच्या आत उतरतेच, ते खालच्या भोकांतून निघून जावे अशी रचना असते. आतला प्लास्टिकचा पडदा फाटलेला किंवा भोके चिखलाने बुजलेली असली की पाणी स्पीकरच्या कागदापर्यंत पोहोचते.

मीटर तपकीर गल्लीत मिळतो, गाडीचे सामान नाना पेठेत. कारीगराला एवढेच सांगावे की बाहेरचा स्पीकर लावून सेट वाजवून दाखव, मग भाव बोलू. चांगला कारीगर याला नकार देत नाही. जोड पिळून चिकटपट्टी लावलेला नको, डाख देऊन वर स्लीव्ह चढवलेला हवा. आयसी खरोखर जळाली असेल तर ती बदलून मिळते का ते आधी विचारावे, आणि नवा सेट घेण्याचीच वेळ आली तर वायरिंग अगोदर दुरुस्त करून घ्यावे, नाही तर तोही त्याच वायरपाशी येऊन गप्प होईल.