खोकडांचा बंदोबस्त आणि शासकीय निधी : व्हिक्टोरिया राज्याचा धडा

शेतीस उपद्रव देणाऱ्या प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी शासनाने पैसा खर्च करावा, याविषयी सहसा दुमत नसते. मतभेद होतो तो पैसा कशावर खर्च करावा याविषयी. प्राणी मारणाऱ्यास दर प्राण्यामागे बक्षीस द्यावे, की नुकसान जेथे होते तेथे योजनापूर्वक काम करावे? या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने मोठा खर्च करून शोधले आहे. तेथील प्राणी निराळा आणि परिस्थितीही निराळी असली, तरी सार्वजनिक निधीचा हिशेब कसा मांडावा या दृष्टीने तो अनुभव आपल्याकडील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अभ्यासण्याजोगा आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट होईल. इंग्रजीतील ‘फॉक्स’ हा प्राणी म्हणजे आपल्याकडील खोकड. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो ‘जॅकल’ होय. पाठ्यपुस्तकांत व बोलण्यात या दोहोंची अनेकदा गल्लत होते. प्रस्तुत लेखातील प्राणी आहे युरोपातील लाल खोकड.

शिकारीच्या हौसेतून आलेले संकट

ऑस्ट्रेलियात लाल खोकड मुळात नव्हते. इंग्लंडमधून आलेल्या वसाहतवाल्यांनी घोड्यावरून शिकारीची हौस भागविण्यासाठी ते आणले, आणि १८७० च्या दशकापर्यंत व्हिक्टोरियाच्या दक्षिण भागात त्याने मूळ धरले. युरोपातून आणलेल्या सशांच्या मागोमाग, किंबहुना त्यांच्या आधाराने, तो पसरत होता. त्यामुळे खाद्याची उणीव नव्हती. अवघ्या वीस वर्षांत हा प्राणी शेतकऱ्यांच्या तक्रारीचा विषय झाला आणि १८९० च्या दशकात काही स्थानिक संस्थांनी त्यावर बक्षिसेही लावली. पुढे तो पसरत पसरत खंडाच्या पश्चिम टोकापर्यंत पोहोचला. आज उत्तरेचा उष्ण प्रदेश वगळता मुख्य भूमीच्या बहुतेक भागात तो आढळतो. संशोधकांच्या अंदाजानुसार त्याची संख्या सुमारे १७ लाख आहे.

त्याच्यापासून होणारी हानी दुहेरी आहे. जमिनीवर वावरणारे लहान देशी प्राणी व पक्षी यांना अशा शिकाऱ्याची सवय नव्हती. त्यांपैकी कित्येक जाती त्यामुळे दुर्मीळ झाल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने मुख्य हानी नवजात कोकरांची. मात्र येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोकरांचे बहुतेक मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अवघड प्रसूती, उपासमार, थंडी व मेंढीने पिलाला टाकणे या कारणांनी होतात. खोकड मेलेले कोकरूही खाते. साहजिकच सकाळी शेतकऱ्यास जे दृश्य दिसते त्यावरून सर्व दोष खोकडाच्या माथी मारला जातो. काही कळपांत खोकडांमुळे होणारे नुकसान खरोखरच मोठे असते, तर शेजारच्याच कळपात ते नगण्य असते. नुकसान सर्वत्र सारखे नसते, हे पुढील विवेचनाचे सूत्र होय.

शेपटीमागे दहा डॉलर

२००२ साली व्हिक्टोरिया शासनाने एक प्रायोगिक योजना सुरू केली. खोकड मारून त्याची शेपटी संकलन केंद्रावर आणून देणाऱ्यास दर शेपटीमागे १० डॉलर मिळत. योजनेला प्रतिसाद उदंड मिळाला. सुमारे वर्षभरात दीड लाखांहून अधिक शेपट्या जमा झाल्या; म्हणजे केवळ बक्षिसापोटीच १५ लाख डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. संकलन, तपासणी, विल्हेवाट व हिशेब यांचा खर्च वेगळाच.

आकडा मोठा होता, परंतु शासनाच्याच शास्त्रज्ञांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले तेव्हा निराळे चित्र दिसले. शेपट्या कोठून आल्या हे नकाशावर मांडून पाहता, खोकडांची संख्या खऱ्या अर्थाने कमी होईल इतकी शिकार राज्याच्या चार टक्क्यांहून अधिक क्षेत्रात झाली नसावी, असा निष्कर्ष निघाला. उर्वरित विस्तीर्ण प्रदेशात बक्षीस वाटले गेले, पण प्राण्यांच्या संख्येवर टिकाऊ परिणाम झाला नाही. २००३ साली ही योजना थांबविण्यात आली.

गणित कोठे चुकते?

याचे कारण समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या परिसरात हिवाळ्याच्या अखेरीस १०० खोकडे, म्हणजे ५० जोड्या आहेत. मादी वर्षातून एकदा विते आणि सरासरी चार पिल्ले देते. तेव्हा पिल्लांसह संख्या ३०० होईल. पुढील वर्षी ती पुन्हा १०० वर यावयाची, तर मधल्या काळात २०० प्राणी नाहीसे व्हावयास हवेत. एरवी हे काम उपासमार, रोग, अपघात व जागेसाठी होणारी भांडणे यांमुळे घडतच असते. शिकाऱ्यांनी त्यांतील शंभर मारले, तर प्रत्यक्षात काय होते? जे शंभर एरवी मेलेच असते त्यांच्या जागी हे शंभर मेले, एवढेच. उरलेल्यांना खाद्य व जागा अधिक मिळते आणि ते जगतात. म्हणूनच खोकडांची संख्या खाली आणावयाची तर दरवर्षी सुमारे ६५ टक्के प्राणी नष्ट करावे लागतात, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे.

दुसरी अडचण स्थलांतराची. शरद ऋतूत तरुण खोकडे स्वतःची हद्द शोधीत दूरवर जातात. एका शेतकऱ्याने आपले शिवार मोकळे केले आणि शेजाऱ्याने काहीच केले नाही, तर ती मोकळी जागा थोड्याच काळात भरून निघते.

तिसरी अडचण पैशाच्या स्वभावाची. बक्षीस सर्वत्र सारखे असल्याने शिकारी साहजिकच तेथे जातो जेथे खोकडे मुबलक आणि रस्ते सोयीचे असतात. नुकसान जेथे अधिक तेथेच तो जाईल असे नाही. संख्या विरळ होऊ लागली की एका प्राण्यामागे लागणारा वेळ व इंधन वाढते, मिळणारी रक्कम मात्र तेवढीच राहते. मग तो काम थांबवितो. याचा अर्थ असा की काम खरे फलदायी होण्याच्या वेळीच बक्षिसाचा प्रभाव संपतो. याशिवाय जे शेतकरी बक्षिसाविनाही खोकडे मारीतच होते, त्यांनाही ही रक्कम मिळते. त्या प्रमाणात नवे काम काहीच होत नाही.

योजना पुन्हा का आली?

इतके असूनही २०११ साली व्हिक्टोरियात बक्षीस योजना पुन्हा सुरू झाली. सुरुवातीचा दर तोच, १० डॉलर. पुरावा मात्र बदलला. शेपटीऐवजी डोक्याची सलग काढलेली कातडी दाखविण्याची अट घालण्यात आली. शेपटी तुटलेला प्राणी जिवंत राहू शकतो. डोक्याच्या कातडीविषयी तशी शंका उरत नाही. पुढील दहा-बारा वर्षांत दहा लाखांहून अधिक कातड्या जमा झाल्या.

ही योजना निव्वळ अज्ञानापोटी आली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ग्रामीण जनतेस शासन आपल्या अडचणीची दखल घेत आहे असे वाटणे, याचेही मोल असते. बक्षिसाची योजना समजण्यास सोपी, तिचा लाभ थेट हाती पडणारा आणि तिचा आकडा विधिमंडळात सांगण्यास सोयीचा. लोकसहभाग वाढतो हेही खरे. परंतु लोकसहभाग हे साधन आहे. किती कातड्या जमा झाल्या यावरून किती कोकरे वाचली याचा पत्ता लागत नाही.

जेथे यश आले

त्याच राज्यात दुसऱ्या पद्धतीने खर्च झालेल्या निधीची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. नैर्ऋत्य भागातील जंगलात २००५ पासून ‘ग्लेनेल्ग आर्क’ हा उपक्रम राबविण्यात आला. ‘१०८०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाची (सोडियम फ्लुओरोॲसिटेट) आमिषे तेथे ठरावीक अंतरावर, वर्षभर, सातत्याने पुरून ठेवण्यात आली. त्याचबरोबर काही क्षेत्रे तुलनेसाठी आमिषाविना ठेवली गेली. मोजले गेले ते मेलेले खोकड नव्हे, तर वाचविण्याजोगे देशी प्राणी. आमिष टाकलेल्या क्षेत्रांत काही देशी प्राण्यांचा वावर वाढल्याचे दिसून आले, तेव्हाच त्यास यश म्हटले गेले.

फिलिप बेटाचे उदाहरण याहून बोलके आहे. हे बेट पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले असून छोट्या पेंग्विन पक्ष्यांच्या वसाहतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एके काळी अशा दहा वसाहती होत्या. त्यांपैकी एकच उरली. त्यामागे वस्तीची वाढ होती, तशीच खोकडेही होती. अनेक वर्षे शिकार चालूनही प्रश्न सुटला नाही. पुढे ‘संख्या कमी करणे’ हे उद्दिष्ट सोडून ‘शेवटचे खोकड संपविणे’ हे उद्दिष्ट ठरविण्यात आले. त्यासाठी आमिषे, सापळे, प्रशिक्षित कुत्रे व रात्रीचा शोध या सर्व साधनांचा एकत्र उपयोग करण्यात आला. २०१७ साली बेट खोकडमुक्त जाहीर झाले. पुलावरून नवा प्राणी येण्याचा धोका असल्याने त्यानंतरही पहारा आवश्यकच राहिला.

वॉर्नाम्बूल शहराजवळच्या मिडल बेटावर तर प्राणी न मारताही काम झाले. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातून खोकडे या बेटावर जात. २००५ च्या सुमारास तेथील पेंग्विनांची संख्या दहाच्याही खाली गेली होती. २००६ पासून तेथे मारेम्मा जातीचे राखणदार कुत्रे ठेवण्यात आले आणि पक्ष्यांची संख्या पुन्हा वाढली. ही कल्पना एका कोंबडीपालकाच्या अनुभवातून आली. आपल्या धनगर बांधवांस तीत नवल वाटणार नाही. वाड्याभोवती कुत्री राखून मेंढरे जपण्याची रीत त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

मेंढपाळांच्या बाबतीतही ऑस्ट्रेलियातील कृषी खात्यांचा सल्ला याच धर्तीचा आहे. शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी गट करून एकाच वेळी, कोकरे जन्मण्याच्या हंगामापूर्वी आमिषे टाकावीत. मेंढ्यांची वीण थोड्या दिवसांत आटोपेल अशी आखणी करावी. विणाऱ्या मेंढ्यांना आडोशाची जागा व पुरेसा आहार द्यावा. यांतील शेवटच्या दोन गोष्टींमुळे थंडीने व उपासमारीने होणारे मृत्यूही टळतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात

बक्षिसाचा प्रयोग आपल्या राज्यासही अपरिचित नाही. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे या विषारी सापावर बक्षीस लावण्यात आले होते. १८६२ साली ते सहा पैंवरून दोन आण्यांपर्यंत वाढविताच अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणण्यात आली. आकडा थक्क करणारा खरा. पण फुरसे कोकणातून गेले नाही. आजही तेथील सर्पदंशाचे ते एक प्रमुख कारण आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. ऑस्ट्रेलियातील खोकड परका आहे; आपले खोकड व कोल्हा हे या भूमीचेच प्राणी आहेत. कोल्हा ऊस, मका, भुईमूग वा कलिंगडाची नासाडी करतो हे खरे असले, तरी हे दोन्ही प्राणी शेतातील उंदरांचा फडशा पाडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा त्यांच्यासाठी विषारी आमिष टाकणे हा गुन्हा होय. असे विष गावची कुत्री, गुरे व मृत जनावरांवर जगणारे पक्षी यांचाही बळी घेते. तेव्हा व्हिक्टोरियातून घ्यावयाची ती विषाची पद्धत नव्हे; घ्यावयाची ती हिशेबाची पद्धत.

त्या हिशेबाचे साधन आपल्या हाताशी आहे. वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या पीकहानीबद्दल व पशुधनाच्या हानीबद्दल राज्यात शासकीय नुकसानभरपाई दिली जाते आणि त्यासाठी पंचनामा होतो. हा पंचनामा एका शेतकऱ्याच्या रकमेपुरता राहून नंतर दप्तरात पडून राहतो. गावपातळीवर हे पंचनामे एकत्र मांडले तर पुढील प्रश्नांची उत्तरे मिळू शकतील :

१. नुकसान नेमके कोणत्या प्राण्याने केले? ठसे, विष्ठा व खाण्याची पद्धत यांवरून खात्री झाली आहे काय?

२. ते कोणत्या गटात, कोणत्या पिकात व कोणत्या महिन्यात होते? दरवर्षी तेथेच होते काय?

३. कुंपण, राखण वा पीकपद्धतीतील बदल यांपैकी कोणता उपाय तेथे लागू पडेल? त्यात शेजारची शेते सामील होतील काय?

४. उपाय केल्यानंतरच्या हंगामात नुकसान किती घटले? उपाय न केलेल्या शिवाराशी तुलना केली काय?

शाळेतील शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गावचा असा नकाशा तयार करता येईल. ग्रामसभेपुढे तो ठेवल्यास कुंपणासाठी मिळणारे अनुदान प्रथम कोणत्या शिवारात लागावे याचा निर्णय तक्रारीच्या आवाजावरून न होता नोंदीवरून होईल.

व्हिक्टोरियाने शेपट्या मोजल्या, कातड्या मोजल्या. त्यांचे आकडे लाखांवर गेले. फिलिप बेटावर व ग्लेनेल्गच्या जंगलात मात्र ज्यासाठी खर्च करावयाचा तेच मोजले गेले, आणि निधी सार्थकी लागला. प्राण्यांच्या उपद्रवावरील प्रत्येक तरतुदीचा प्रस्ताव मांडताना ‘किती प्राणी’ याऐवजी ‘किती पीक वाचले, किती कोकरे जगली’ हा रकाना प्रथम भरावयाचा, एवढी शिस्त ग्रामपंचायतीने लावून घेतली, तरी सार्वजनिक पैशाचा मोठा अपव्यय टळेल आणि शेतकऱ्याच्या पदरात खरे संरक्षण पडेल.