वाडिवासल आणि घाट : लोकक्रीडेच्या पुनरुज्जीवनातील सत्तेचा प्रश्न

ग्रामीण क्रीडा ही केवळ करमणूक नसते. गावातील अधिकार आणि मान यांची ती वार्षिक मांडणी असते. तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत यांची तुलना केली असता ही गोष्ट स्पष्ट होते.

‘कलित्तोगै’ या संघसाहित्यातील संग्रहाच्या मुल्लै विभागात गोपकन्येचा वर बैलाला कवळणाऱ्या तरुणांतून ठरतो. निवाडा गोपसमूहासमक्ष होतो. सी. सु. चेल्लप्पा यांच्या ‘वाडिवासल’ (१९५९) या लघुकादंबरीत मात्र रिंगणावर जमीनदाराची छाया आहे. पित्याचा बळी घेणाऱ्या कारी बैलाला पिच्चि वश करतो. पण हरलेला बैल अखेर मरतो तो धन्याच्याच गोळीने. प्राण्याची प्रतिष्ठा ही मालकाची प्रतिष्ठा, हे सूत्र येथे निष्ठुरपणे उघड होते.

महाराष्ट्रात खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांत ग्रामदैवताच्या यात्रेत शर्यती होतात. त्यांच्या चढणीच्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. विदर्भात शर्यतीस ‘शंकरपट’ हे नाव आहे. वर्गणी, बाऱ्यांचा क्रम आणि निकाल ही परंपरेने यात्रा कमिटीची कामे होत.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पशुक्लेशाच्या आधारे दोन्ही खेळांना मनाई केली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर विद्यार्थ्यांचा मोठा समुदाय जमला. वेस्ट मांबलमसारख्या वस्त्यांच्या या शहरात वाडिवासल नाही. तरीही खेळ तेथे अस्मितेचे प्रतीक ठरला. त्याच वर्षी दोन्ही राज्यांनी कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्रातील शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाची अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरविल्या. जल्लिकट्टू हा सांस्कृतिक वारसा आहे, हे विधिमंडळाचे मत पीठाने मान्य केले. स्वतः त्याचा निर्णय केला नाही.

तथापि पुनरुज्जीवित खेळ पूर्वीचा राहिलेला नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी आता आवश्यक आहे. यात्रा कमिटीचा अधिकार त्यामुळे संकोचला, हे खरे. परंतु ज्या मुक्या जीवाला कमिटीत कधीच मत नव्हते, त्याची बाजू प्रथमच नियमांत आली. गावाची सत्ता ही बाजू ओझे म्हणून वागविते की आपली म्हणून स्वीकारते, यावरच या पुनरुज्जीवनाचे मोल ठरेल.