मास्टर दीनानाथ : रंगमंच, बोलपट आणि एक फसलेलं गणित

दीनानाथ म्हटलं की पुण्याच्या मुलांना आधी हॉस्पिटल आठवतं आणि मुंबईच्या मुलांना पार्ल्याचं नाट्यगृह. फार तर ‘लताबाईंचे वडील’ एवढी माहिती असते. पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा माणूस स्वतःच्या बळावर ‘स्टार’ होता. त्याची कारकीर्द आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे, कारण ती एका नव्या तंत्रज्ञानावर जाऊन आपटली.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातल्या मंगेशीचा. गावावरूनच मंगेशकर हे आडनाव आलं. आई येसूबाई देवळात गायनसेवा करणाऱ्या घरातल्या, वडील त्याच देवळाचे पुजारी. म्हणजे घरात गाणं होतं, पण समाजातलं स्थान सोपं नव्हतं. पुढे ग्वाल्हेर परंपरेतल्या रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली. बुवा अनवट रागांचा खजिना आणि स्वभावाने कडक. दीनानाथांच्या गाण्यातला ठसका बराचसा तिथला.

१९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. किर्लोस्करांना नवा गाता पोरगा हवाच होता. कोवळ्या वयातले दीनानाथ तिथे दाखल झाले. पण ते तिथे फार रमले नाहीत. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. वय वर्षं सतरा! आपण या वयात बारावीच्या मार्कांची काळजी करत असतो.

राम गणेश गडकऱ्यांचा या मंडळीवर लोभ. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले, त्याच्या थोडंच आधी त्यांनी ‘भावबंधन’ पुरं केलं होतं. ते बलवंतने रंगमंचावर आणलं. त्यात कोल्हटकरांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका. लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा, ते बदलून लता झालं ते या लतिकेवरून.

आता गाण्याविषयी. बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ, सुरात लपेटून घेणारं. दीनानाथांचं अगदी उलट. आवाज उंच आणि धारदार, तान अचानक उसळणारी, वाटेत तुटणारी, भलत्याच ठिकाणाहून पुन्हा समेवर येणारी. पंजाबी ढंगाच्या हरकती नाट्यगीतात इतक्या धिटाईने फार कमी जणांनी आणल्या. ‘मानापमान’मधला धैर्यधर त्यांनी स्वतःच्या चालीने गायला, तेव्हा जुन्या रसिकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण आज तो धैर्यधर आपल्या कानात आहे तो बहुधा त्यांच्याच थाटाचा. माझं मत विचाराल तर गंधर्व ऐकायला निवांत रात्र लागते, दीनानाथ सबमिशनच्या आदल्या रात्रीही चालतात.

वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभी’ (१९२७) आणि सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) ही बलवंतची दोन गाजलेली नाटकं. दोन्हींना संगीत वझेबुवांचं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अशा लेखकाचं नाटक लावणं म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणं. मंडळीने ते लावलं.

आणि नेमकं त्याच वर्षी, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पडदा बोलायला, मुख्य म्हणजे गायला लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला.

आपल्याकडे सरसकट लिहिलं जातं की बोलपटाने संगीत नाटक मारलं. ते अर्धंच खरं आहे. नाटक कंपनी कशी चालायची ते बघा. नट, साथीदार, रंगारी, आचारी, सगळे एकाच बिऱ्हाडात. गाव बदललं की पडदे, पेट्या, भांडी सगळं रेल्वेने हलवायचं. खेळ असो नसो, मेस दोन वेळा चालूच! आपल्या हॉस्टेलच्या मेस सेक्रेटरीला हे दुखणं लगेच कळेल. खर्च बांधलेला, उत्पन्न तिकीटबारीवर. पण एक सोय होती : आज खेळ पडला तर उद्या दुसरं नाटक लावता यायचं, गल्ला रोजच्या रोज हातात यायचा.

सिनेमाचं उलटं. आधी महिनोन्‌महिने पैसा ओतायचा, एकदा रीळ तयार झालं की दुरुस्ती नाही, आणि परतावा आला तर शेवटी. बलवंतने ‘बलवंत पिक्चर्स’ होऊन सांगलीत ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) काढला. दिग्दर्शन विश्राम बेडेकर आणि कोल्हटकर यांचं. तो चालला नाही. रोजच्या गल्ल्यावर जगणाऱ्या संस्थेने दीर्घ मुदतीचं भांडवल लागणाऱ्या धंद्यात उडी घेतली, हे खरं कारण. नाट्यगुणांची कमतरता कुठेच नव्हती. मंडळीला कर्जाने घेरलं आणि ती मोडली.

तंत्राचाही भाग होता. सुरुवातीच्या बोलपटात प्लेबॅक नव्हता. तो आपल्याकडे १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून रुळू लागला. तोवर नटाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून, लपवलेल्या मायक्रोफोनच्या अंदाजाने गायचं, वादक चौकटीच्या बाहेर. फिल्मवर आवाज नोंदवणाऱ्या पट्टीची कुवत मर्यादित. फार हळू आवाज खरखरीत बुडायचा, फार मोठा झाला की फाटायचा. आता विचार करा, मायक्रोफोनशिवाय पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत तान फेकायची सवय असलेला गवई तिथे काय करणार? त्यात ‘वन्स मोअर’ नाही, पद फुलवायला वेळ नाही.

शिवाय लतिका, तेजस्विनी या त्यांच्या गाजलेल्या भूमिका स्त्रियांच्या. पडद्यावर तारामती म्हणून दुर्गा खोटे आल्यावर स्त्रीपार्टी नटाची जागाच संपली. खुद्द बालगंधर्वांनी ‘धर्मात्मा’त (१९३५) पुरुषवेषात एकनाथ केले, ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) पुन्हा लुगडं नेसून पाहिलं, नाटकातली जादू दोन्हीकडे आली नाही.

शेवटची वर्षं दीनानाथांना जड गेली. सांगली सोडून कुटुंब पुण्याला आलं. प्रकृती ढासळत होती. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ते गेले, वय एक्केचाळीस. थोरली मुलगी बारा वर्षांची, तिच्यामागे चार भावंडं. मास्टर विनायकांनी मदतीचा हात दिला आणि त्याच वर्षी लता सिनेमात कामाला लागली.

ज्यांना हा काळ वाचायचा आहे त्यांनी कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ आणि बेडेकरांचं ‘एक झाड आणि दोन पक्षी’ ही दोन आत्मचरित्रं जरूर वाचावीत. आणि दीनानाथांच्या जुन्या तबकड्या ऐकताना एक लक्षात ठेवा : तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. शेवटाकडे तान घाईत आवरल्यासारखी वाटते ना, तिथे मास्तर थकलेले नाहीत, तबकडी संपत आलेली आहे.