विश्वासाची शिदोरी

धुळ्याच्या उत्तरेस सुमारे 20 किलोमीटरांवर सोनगीर हे गाव आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात त्याची ख्याती आहे. गावालगतच्या टेकडीवर एक जुना किल्ला असून टेकडीजवळूनच मुंबई-आग्रा हमरस्ता जातो. मोटारी व आगगाड्या नव्हत्या, तेव्हा दूरच्या वाटा माणसे पायीच तुडवीत. खांद्यावर पडशी, हातात काठी आणि पडशीत दशम्यांची शिदोरी, एवढाच वाटसरूचा संसार असे. शिदोरी संपली, म्हणजे एखादी धर्मशाळा किंवा अनोळखी गृहस्थाची ओसरी हाच त्याचा आधार. सोबतीला एखादा मित्र असला, तर वाट निम्मी झाल्यासारखी वाटे.

आजही पुष्कळ तरुण पाठीवर पिशवी बांधून मित्रासमवेत देशोदेशी हिंडतात. परंतु त्यांच्या खिशात पैसे असतात. 1962 साली दोन भारतीय मित्रांनी जी वाट धरली, ती मात्र या सर्वांहून वेगळी होती. आशिया व युरोप हे दोन खंड त्यांना ओलांडायचे होते आणि त्यांच्या खिशात एक पैसाही नव्हता.

या मित्रांची नावे सतीश कुमार व ई. पी. मेनन. सतीश कुमार राजस्थानातले, तर मेनन केरळातले. दोघांची मातृभाषा वेगळी, परंतु ध्यास एकच होता. 1945 च्या ऑगस्ट महिन्यात हिरोशिमा व नागासाकी या जपानी शहरांवर अणुबाँब पडले आणि लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. पुढे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन व फ्रान्स या चार देशांनी याहूनही भयंकर अस्त्रे तयार केली. त्यांविरुद्ध लंडनमध्ये निदर्शने केल्याबद्दल बर्ट्रंड रसेल या थोर तत्त्ववेत्त्यास 1961 साली तुरुंगात जावे लागले. तेव्हा त्यांचे वय 89 वर्षांचे होते. ही वार्ता वाचून दोघे मित्र अस्वस्थ झाले. नव्वदीला टेकलेला वृद्ध शांततेसाठी तुरुंगात जातो आणि आपण तरुण स्वस्थ बसतो, हे त्यांना सहन होईना. चारही अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्यांपर्यंत पायी जाऊन शांततेचा संदेश द्यावा, असा त्यांनी निश्चय केला.

निघण्यापूर्वी ते विनोबा भाव्यांकडे आशीर्वाद मागण्यास गेले. विनोबांचे नाव खानदेशाला नवे नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात असताना त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढे 1951 पासून भूमिहीनांसाठी जमीन मागत विनोबा वर्षानुवर्षे गावोगाव पायी हिंडले. पदयात्रेचे मर्म त्यांच्याइतके दुसरे कोण जाणणार? त्यांनी तरुणांना दोन गोष्टी सांगितल्या. पैसा जवळ बाळगू नका आणि शाकाहार सोडू नका.

हा उपदेश ऐकून प्रथम कोणासही नवल वाटेल. परंतु त्यात खोल अर्थ होता. ज्याच्याजवळ पैसा आहे, तो थकला की खाणावळीत जातो, जेवतो आणि झोपी जातो. गावातील माणसांशी बोलण्याची त्याला गरजच पडत नाही. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याला मात्र कोणाचे तरी दार ठोठवावेच लागते. दार उघडले, की संभाषण सुरू होते. तुम्ही मांस का खात नाही, असे यजमान विचारतो, आणि अहिंसेची गोष्ट आपोआप निघते.

1 जून 1962 रोजी दिल्लीतील महात्मा गांधींच्या समाधीपासून हे दोघे निघाले. पहिली कसोटी पाकिस्तानच्या सीमेवरच लागली. निरोप देण्यास आलेल्या स्नेह्यांनी अन्नाच्या पुड्या पुढे केल्या. पलीकडे तुम्हांस कोण जेवू घालणार, अशी त्यांना चिंता होती. सतीश कुमारांनी त्या पुड्या नम्रपणे परत केल्या. त्यांच्या मते, त्या अन्नाच्या नव्हे, तर अविश्वासाच्या पुड्या होत्या. सीमा ओलांडून ते थोडेसे चालले असतील, तोच एका पाकिस्तानी गृहस्थाने त्यांना हाक मारली. त्यांच्या यात्रेची वार्ता त्याने वर्तमानपत्रात वाचली होती आणि तो त्यांचीच वाट पाहत होता. लाहोरातील आपल्या घरी त्याने त्यांचे आतिथ्य केले. भारतीय म्हणून गेलो, तर पाकिस्तानी भेटेल. माणूस म्हणून गेलो, तर माणूसच भेटेल, हा धडा दोघांना पहिल्याच दिवशी मिळाला.

तेथून खैबर खिंडीतून अफगाणिस्तान, पुढे इराण आणि मग सोव्हिएत संघ, अशी त्यांची वाट होती. ते वाटेवर असतानाच, 1962 च्या ऑक्टोबर महिन्यात, क्यूबा बेटावरील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात कमालीचा तणाव निर्माण झाला. जग 13 दिवस अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. ज्या संकटाबद्दल हे दोघे दारोदार बोलत होते, ते काल्पनिक नव्हते, हे सर्वांना कळून चुकले.

मॉस्कोच्या वाटेवर एका चहाच्या कारखान्याबाहेर त्यांची दोन स्त्रियांशी गाठ पडली. यात्रेचा हेतू ऐकून त्यांतील एकीने चहाच्या चार पुड्या आणून दिल्या. चारही देशांच्या प्रमुखांना एकेक पुडी द्यावी, अशी तिची इच्छा होती. अणुबाँबची कळ दाबावी असे कधी मनात आले, तर क्षणभर थांबून हा चहा प्यावा आणि पुन्हा विचार करावा, असा तिचा निरोप होता. दोघा मित्रांच्या पाठीवर आता हे नवे ओझे आले. वजनाने ते हलके होते, परंतु त्याची जबाबदारी मोठी होती.

मॉस्कोनंतर पोलंड, जर्मनी, बेल्जियम व फ्रान्स हे देश आले. 1963 सालाच्या उत्तरार्धात ते पश्चिम युरोपात होते. खानदेशात शरद ऋतू म्हणजे निरभ्र आकाश, टिपूर चांदणे आणि कणसांनी डोलणारी शेते. युरोपातील शरद निराळा असतो. तेथे दिवस झपाट्याने लहान होतो. सोनगीरला वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. बर्लिनला तो आठ तासांचाही भरत नाही. पानांतील हिरवे द्रव्य नाहीसे होऊ लागते आणि त्याखाली दडलेले पिवळे रंग वर येतात. पुढे पाने गळून वाटा झाकून जातात. देखावा मोठा रमणीय, परंतु निर्धन वाटसरूला तो इशाराच असतो. अंधार पडण्यापूर्वी कोणाचे तरी दार उघडले पाहिजे!

आणि दारे उघडत गेली. ज्या घरांत त्यांना आसरा मिळे, तेथील वडीलधाऱ्यांनी 1945 साली संपलेले महायुद्ध स्वतः पाहिले होते. पोलंडची राजधानी वॉर्सा त्यात जवळजवळ बेचिराख झाली होती. जर्मनीचे दोन तुकडे झाले होते आणि 1961 पासून बर्लिन शहराच्या मधोमध भिंत उभी होती. युद्ध म्हणजे काय, हे या लोकांना सांगावे लागत नव्हते.

फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे निदर्शने केल्यामुळे दोघांना तुरुंगवास घडला. तरीही ते डगमगले नाहीत. समुद्र ओलांडून ते इंग्लंडला पोहोचले व ज्यांच्यापासून स्फूर्ती घेतली, त्या रसेल यांना भेटले. नंतर जहाजाने अमेरिकेस जाऊन 1964 च्या आरंभी ते वॉशिंग्टनला पोहोचले. त्या स्त्रीने दिलेला चहाही राजधान्यांपर्यंत गेला. त्यांचा हा प्रवास सुमारे 8,000 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 13,000 किलोमीटरांचा झाला. सोनगीरहून धुळ्याला 650 वेळा चालत जावे, तेव्हा एवढे अंतर भरेल.

या यात्रेने जगातील अण्वस्त्रे नाहीशी झाली नाहीत. उलट, आज नऊ देशांजवळ ती आहेत. तथापि दोन मित्रांनी एक गोष्ट स्वतःच्या पावलांनी सिद्ध केली. भाषा, धर्म व सीमा भिन्न असल्या, तरी भुकेल्या पाहुण्याला भाकरी देणारा माणूस सर्वत्र आहे. दशम्यांची शिदोरी वाटेत संपते. विश्वासाची शिदोरी जितकी खर्चावी, तितकी वाढत जाते.

शब्दार्थ
पडशी – खांद्यावर टाकण्याची दोन्ही बाजूंस कप्पे असलेली पिशवी. दशमी – दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी. आतिथ्य – पाहुणचार. बेचिराख – पूर्णपणे उद्ध्वस्त.

स्वाध्याय
1. पैसा जवळ न बाळगण्याच्या उपदेशात कोणता अर्थ होता?
2. सतीश कुमारांनी अन्नाच्या पुड्या परत का केल्या? ते योग्य होते असे तुम्हांला वाटते का? कारण सांगा.
3. चहाच्या पुड्यांचे ओझे हलके, पण जबाबदारी मोठी, असे का म्हटले आहे?
4. खानदेशातील व युरोपातील शरद ऋतूंची तुलना करा.
5. तुमच्या गावावरून जाणाऱ्या जुन्या वाटेची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.