पाव, पगार, चावी आणि तुझी शब्दांची यादी

आगाशी, ता. वसई

प्रिय बाय,



प्रवेशपरीक्षेच्या क्लासने दिलेल्या इंग्रजी शब्दांच्या यादीचा फोटो तू पाठवलास आणि खाली लिहिलंस, "मामा, एवढं पाठ कसं करू?" यादी नीट पाहिली. डावीकडे शब्द, उजवीकडे एका ओळीचा अर्थ, मध्ये कोरी जागा. मला जे सांगायचं आहे ते त्या कोऱ्या जागेबद्दल. शब्द पाठ करण्याआधी तो कुठून आला, कुणाकुणाच्या घरी राहून आला, हे विचार. वसईच्या मुलीला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

पावापासूनच सुरुवात कर. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ला आणि चर्चं उभी राहिली, तसे शब्दही रुजले. किल्ला पडका झाला, शब्द मात्र शाबूत आहेत. पोर्तुगीज भाषेत भाकरीला 'पाँव' म्हणतात, तो लॅटिन 'पानिस'चा मुलगा. याच 'पानिस'ची दुसरी मुलं फ्रेंचच्या घरातून इंग्रजीत गेली. तुझ्या यादीतला 'कम्पॅनियन' घे. 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकरी, तेव्हा कम्पॅनियन म्हणजे एका ताटातली भाकरी खाणारा. 'कंपनी' त्याच घरची आणि 'पँट्री'सुद्धा. आपल्या दारात सकाळी येणारा पाव आणि ईस्ट इंडिया कंपनी अशी एकमेकांची भावंडं आहेत. कंपनीने भाकरी कोणाची खाल्ली, हा वेगळा विषय.

तसाच 'पगार'. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. त्याच्या मागे लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. ज्याचं देणं आहे त्याला पैसे देऊन गप्प करायचं! इंग्रजी 'पे' याच 'पाकारे'मधून आला आणि 'पीस', म्हणजे शांतता, हीसुद्धा त्याच कुळातली. महिनाअखेरीला आपल्याकडे पगार आणि शांतता यांचं नातं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

'चावी' मला सगळ्यांत आवडते. पोर्तुगीज 'शावे', लॅटिन 'क्लाविस'. २०२५च्या मे महिन्यात नवे पोप निवडले गेले तेव्हा 'कॉन्क्लेव्ह' हा शब्द तू रोज ऐकत होतीस. कॉन्क्लेव्ह म्हणजे चावीने बंद केलेली खोली. शरीरशास्त्रात गळ्याखालच्या हाडाला 'क्लॅव्हिकल' म्हणतात, ती छोटी चावी. एवढं समजलं की यातला एकही शब्द घोकावा लागणार नाही. नाताळ आणि 'नेटल', 'नेटिव्ह', 'नेशन' हे सगळे जन्माशी जोडलेले. कोबी आला तो 'कॅबेज'वरून आलेला नाही. तो पोर्तुगीज 'कौव'वरून आला, त्याच्या मागे लॅटिन 'काउलिस', देठ. त्याच देठाचा 'कॉलिफ्लॉवर'. तुरुंगाच्या मागे 'ट्रोंकू', म्हणजे झाडाचं खोड किंवा कैद्याचे पाय अडकवायचा ओंडका, आणि त्याचा इंग्रजी भाऊ 'ट्रंक'.

उलट दिशेनेही माल गेला आहे. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसाचा. शेवटी 'गूस' ऐकू आल्यामुळे इंग्रजांनी स्पेलिंगमध्ये हंस बसवला, पण त्या प्राण्याचा हंसाशी काडीचाही संबंध नाही, म्हणून अनेकवचन करताना 'मंगीस' लिहू नकोस. अर्नाळ्याचे कोळी ज्या मोसमाची वाट पाहतात तो अरबी 'मौसिम'. तोच पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून 'मान्सून' होऊन इंग्रजीत गेला. 'बनाना' तर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा शब्द. राजेळी केळ्याची सुकेळी करणाऱ्या आपल्या गावांना तो कधी लागला नाही.

आता सावधगिरीचं. शब्दांच्या गोष्टी गोड असतात, आणि जी गोष्ट फार गोड असते ती बहुधा कुणीतरी नंतर रचलेली असते. कुटुंबाच्या ग्रुपवर तुझ्या काकांनी पाठवलं होतं की 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. तसं काही नाही. 'न्यू'चं अनेकवचन, नव्या गोष्टी, इतकंच. दुसरी गोष्ट 'पॉश'ची. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटीत जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतली खोली घेणारे श्रीमंत, त्यांच्या तिकिटावर चार अक्षरं छापलेली, आणि त्यातून हा शब्द. ऐकायला छान आहे, पण अशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. एक नियम लक्षात ठेव: आद्याक्षरांतून जुळवलेला जुना शब्द समोर आला की आधी संशय घ्यायचा. अशी आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली.

सारखा दिसतो म्हणून नातेवाईक, असंही धरू नकोस. इंग्रजी 'बॅड' आणि आपल्या 'बदनाम'मधला फारसी 'बद' यांचा उच्चार जवळचा, अर्थ तर एकच, तरी नातं शून्य, निव्वळ योगायोग. याउलट ज्यांचे चेहरे जुळत नाहीत ते सख्खे निघतात. विरार लोकलचं 'तिकीट' आणि 'एटिकेट', म्हणजे शिष्टाचार, हे मुळात एकच फ्रेंच शब्द: चिकटवलेली चिठ्ठी. सकाळच्या गाडीत त्यातला एकच बरोबर नेता येतो.

आणखी एक चूक हुशार मुलं हमखास करतात. मूळ सापडलं की तेच खरं आणि आजचा अर्थ भ्रष्ट, असं त्यांना वाटू लागतं. 'नाइस' लॅटिन 'नेस्किउस'मधून आला, म्हणजे अडाणी. 'सिली' एके काळी धन्य, पुण्यवान या अर्थी होता. मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी मूर्ख. म्हणून कुणी तुला 'नाइस' म्हटलं तर रागावणार आहेस का? आपल्याकडेही असंच झालंय. सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, हे शाळेत शिकलीस. त्या अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ, निंदेचा लवलेश नाही; उलट सगळ्या पासंडांचा मान ठेवा असं तो बजावतो. आज आपण 'पाखंडी' कुणाला म्हणतो? धर्मशास्त्रात 'साहस' हा गुन्हा होता, आता त्यासाठी मुलांना पदकं देतात. मूळ म्हणजे शब्दाचा जन्मदाखला. त्यावरून तो आज काय काम करतो ते कळत नाही. परीक्षेत आजचाच अर्थ लिहायचा.

कुठे पाहायचं ते सांगतो. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम संपलं १९२८ साली. प्रत्येक शब्द कधी, कोणत्या वाक्यात आला, ते तारखांसकट दिलेलं आहे. इथल्या मातीतल्या इंग्रजी शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन', १८८६ चा. हे नाव तरी काय आहे? मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानांनी अशी ऐकली. परक्या कानात शब्दाचं काय होतं, हे कोशाच्या नावातच लिहून ठेवलंय. 'वसई'चं पोर्तुगीजांनी 'बसाईं' आणि इंग्रजांनी 'बसीन' केलं, १८०२च्या तहाला त्याच नावाने ओळखतात, तेही यातलंच. मराठीसाठी मोल्सवर्थ, पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारलेली १८५७ ची. हॉब्सन-जॉब्सन आणि मोल्सवर्थ दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, तेव्हा "कोश मिळत नाही" ही सबब मी ऐकणार नाही. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्तिकोश', १९४६ चा. त्यातलं सगळंच आज पटतं असं नाही, पण एकट्या माणसाने केवढं काम करावं याचा तो नमुना आहे.

वही करशील तर प्रत्येक शब्दाला अर्धं पान दे. कोणत्या भाषेतून आला, वाटेत अर्थ कुठे वळला, घरात त्याचं कोण आहे. तिन्ही लिहिता आलं नाही तर जागा मोकळी सोड. अंदाजाने भरू नकोस. 'विंडो'च्या पानावर जुनी नॉर्स भाषा, 'वाऱ्याचा डोळा' असं लिहिशील तेव्हा शेजारी संस्कृत 'गवाक्ष', बैलाचा डोळा, हेही लिही. हे दोन्ही जोडशब्द आपापल्या घरी वेगवेगळे तयार झाले, तरी भिंतीतल्या भोकाला दोघांनीही डोळाच म्हटलं. एक दुसऱ्यावरून आला असं मात्र ठरवू नकोस. दिवसाला पाच शब्द पुरेत. क्लासच्या सरांना ते कमी वाटतील, वाटू देत.

कुलकर्णींच्या कोशाची प्रत माझ्याकडे आहे. येशील तेव्हा घेऊन जा, पण समासात लिहायचं झालं तर पेन्सिलीने लिही, आणि लिहिलेलं आधी दुसऱ्या कोशात तपासून घे.

तुझा,
मामा