अळवावरचे पाणी

‘अळवावरचे पाणी’ या वाक्प्रचाराचा अर्थ आम्ही वर्गात क्षणभंगुर असा सांगतो. त्यामागील शास्त्र मात्र सांगायचे राहून जाते. अळूच्या वा कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांवर मेणाचा थर. थेंबाखाली हवा अडकते, थेंब पानाला नाममात्र टेकतो आणि घरंगळताना धूळही नेतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळाबाबत हे सविस्तर मांडले.

उद्योगांनी मात्र फ्लोरिनयुक्त रसायने पत्करली. कार्बन-फ्लोरिन बंध इतका घट्ट, की ती निसर्गात जवळपास विघटित होतच नाहीत. अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातील पीएफओए हे रसायन आसपासच्या वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले. (पाणी परतवण्यासाठी पाणीच नासवावे!) स्टॉकहोम कराराच्या यादीत ते यायला २०१९ साल उजाडले.

आता सेल्युलोज, लिग्निन या वनस्पतिजन्य बहुवारिकांना मेणाची जोड देऊन लेप बनवले जात आहेत. ते पाणी परतवतात, पण तेल तितके नाही. घासल्याने उंचवटेही झिजतात. ही उणीव खरी आहे. परंतु मुलांच्या पावसाळी दप्तराला तेल परतवण्याची गरजच काय, असे आम्हांस वाटते.